मास्तर, अडकव!

अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत कुठल्याही घरची हळद असू दे, नाचून नाचून पब्लिकचे शर्ट अंगाला चिकटले की कोणीतरी एक जण हात वर करून बोंब मारतो, "मास्तर, अडकव!" मग त्याच्यामागे सगळा मांडव. पोरं, पोरी, पोट सुटलेले काका, पदर खोचलेल्या माम्या. "अडकव! अडकव!" आणि कमलेश मास्तर मान खाली घालून बेंजोवर तो एक सूर धरतो. बाकी सगळं गप. ढोलकी गप, ताशा गप. एकटा बेंजो, तोही एकाच चावीवर, तर्रर्र करत राहतो. नाचणारे जिथल्या तिथे उभे, कोणाचा पाय वर तर कोणाचा हात वर. आणि मग सूर सुटला की जो धुमाकूळ होतो तो तुम्ही फोनवर पाहिला असेलच. नसेल पाहिला तर तुमच्या घरात कोणी तरणं माणूस नाही असं समजायचं.

बेंजो म्हणजे काय, असं विचारणारे पाहुणे अजून भेटतात. टाइपरायटर आणि सतार यांचं लग्न लावून दिलं तर जे पोर होईल, ते बेंजो. डाव्या हाताने चाव्या दाबायच्या, उजव्या हातातल्या पट्टीने तारा छेडायच्या. कोणाकोणाला त्याचा आवाज कर्कश वाटतो. वाटू दे की. आमच्याकडे बेंजोशिवाय नवरदेवाला हळद चढत नाही.

कमलेश राहायला अंबरनाथला, बुवापाड्यात. दिवसा आनंदनगरच्या एका कारखान्यात ग्राइंडरने लोखंडाच्या कडा घासायच्या आणि लग्नसराईत बेंजो वाजवायचा, असं त्याचं वर्षानुवर्षं चाललेलं. आता ही 'अडकव'ची गंमत कुठून आली विचाराल, तर लोक म्हणतात, मास्तरचं डोकं. कसलं डोकं! त्या दिवशी डोकं नव्हतं, हळद होती.

झालं असं. बदलापूरच्या पलीकडे हरिचंद्र म्हणून एक घरंदाज आगरी माणूस. त्याचा बाप वारला, आणि वर्षाच्या आत घरात शुभकार्य उरकायचं म्हणून थोरला पोरगा दिपेश याचं लग्न काढलं. हळदीला कमलेशची बेंजो पार्टी. सगळ्या सवाष्णींची हळद लावून झाली. करवल्यांची झाली. हरिचंद्राची आई, इंदुबाई, मागे भिंतीला टेकून उभी. नातवाला हिनेच अंगाखांद्यावर वाढवलेलं. पण कपाळ मोकळं झालेल्या बाईने हळदीला हात लावायचा की नाही? तिला कोणी नको म्हटलं नाही. कोणी चलही म्हटलं नाही. आपल्याकडे हे असंच असतं, 'नाही' म्हणायचं पाप कोणी आपल्या डोक्यावर घेत नाही.

मग म्हातारीने आपणच वाटीत हात घातला आणि निघाली. मांडवात नाच भरात. तेवढ्यात कोणा हौशी पाव्हण्याने मूठभर हळद उधळली ती थेट कमलेशच्या बेंजोवर. आधीच घामाने ओल्या चाव्या, त्यात ती पूड गेली, आणि एक चावी खाली गेली ती वर येईना. कमलेश नखाने उचकटतोय, पण उजवा हात थांबवावा तर मांडवात सन्नाटा. म्हणून तारा छेडतच राहिला. ढोलकीवाल्याला वाटलं मास्तर काहीतरी नवीन काढतोय, तो थांबला. ताशा थांबला. नाचणारेही थांबले, बावळटासारखे एकमेकांकडे बघत. आणि त्या थांबलेल्या माणसांमधून पिवळा तळवा पुढे धरून इंदुबाई चालत गेली. सगळा मांडव तिच्यासाठी थांबलाय म्हटल्यावर कोण काय बोलणार? तिने दिपेशच्या दोन्ही गालांना हळद लावली, कडाकडा बोटं मोडली. आणि टक् करून चावी सुटली.

जेवणं चालू झाल्यावर इंदुबाई स्वतः ताट घेऊन आली. म्हणाली, "माज्यासाठी थांबलास रे मास्तर. घरच्यांना नाय सुचला ता तुला सुचला. तुजा भला होवो." कमलेशने चावीचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मिटलं ते बरंच केलं, असं माझं मत.

कारण पुढच्या हळदीत त्याने चावी मुद्दाम अडकवली. प्रत्येक घरात मागे भिंतीला टेकलेली एक बाई असतेच. कोणाची विधवा आत्या, कोणाची नवऱ्याने टाकलेली बहीण, कोणाची पोर नसलेली काकी. कमलेश आधी तिला हेरून ठेवायचा. मग सूर धरायचा आणि ती नवऱ्या मुलापर्यंत पोचली की सोडायचा. कोणी भराभर यायची, कोणी अर्ध्यातून मागे वळायची आणि पुन्हा पुढे निघायची. कितीही वेळ लागू दे, मास्तरचा सूर हलायचा नाही. माईकवर सांगितलं नाही की कोणाला शिकवलं नाही. बायका एकमेकींना सांगायच्या, तेवढंच. पब्लिकला फक्त एवढं कळलं की मास्तर अडकवतो आणि मग सोडतो, आणि सोडल्यावर जाम मजा येते.

मग आला सुयोग. उल्हासनगर कॅम्प चारचा पोरगा, बापाचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान, स्वतः पॅड वाजवण्यात एक नंबर. आता पॅड म्हणजे रबरी चौकोनांचं यंत्र, काठी मारली की हवा तो आवाज निघतो, भरून ठेवलेली अख्खी चालसुद्धा निघते. सुयोगने एका हळदीचा व्हिडिओ टाकला, नाव दिलं 'अडकव मास्तर', आणि बघता बघता कमलेशचं आयुष्य बदललं. म्हणजे लोक तसं म्हणतात. त्याचं म्हणणं विचाराल तर तो नुसती मान हलवतो.

लोक पाया पडायला लागले. कॅम्प चारला मोबाईलची कव्हरं विकणारा सिंधी शेठ त्याला बघितलं की गल्ल्यावरून उठून यायचा, "मास्टर साईं, आपकी धुन तो मेरे फोन की घंटी है, सुबह उसी से उठता हूँ." बदलापूरच्या एका पोराने दंडावर बेंजो गोंदवून घेतला, तोही चाव्या उलट्या बाजूला. एक बाई तान्हं मूल घेऊन आली, म्हणाली डोक्यावर हात ठेवा, हा तुमचा सूर लावल्याशिवाय झोपत नाही. कमलेशने हात ठेवला. डावा हात. बाळाची टाळू गरम आहे की गार, ते त्याला कळलं नाही.

कारण तोपर्यंत डाव्या हाताची बोटं गेली होती. गेली म्हणजे जागेवर होती, दिसायला धडधाकट, पण आतून मेलेली. ग्राइंडर हातात धरून धरून नस दबली, असं डॉक्टर म्हणाला. ऑपरेशन करू, फरक पडेल किंवा नाही पडणार. आधी मुंग्या यायच्या, त्या बऱ्या होत्या म्हणायची पाळी आली. आता काहीच येत नव्हतं. बोट चावीवर आहे की दोन चाव्यांच्या मध्ये, ते डोळ्यांनी बघावं लागायचं. संथ वाजवायचं तर जमलं असतं एखादवेळ. हळदीची चाल अशी बघून बघून वाजवता येते होय?

घरी श्रद्धाला, त्याच्या बायकोला, न सांगता कळलं. शर्टाचं बटण लावता लावता त्याचा हात तिथेच राहिला, तेव्हा ती पुढे आली आणि मुकाट्याने बटणं लावून दिली. त्यानंतर रोजच लावायला लागली. सुयोगलाही कळलं, कारण तो बाजूलाच बसायचा आणि त्याचा कान तिखट. तो म्हणाला, "मास्तर, टेन्शन कायको लेते? आपली अख्खी चाल मी कधीच पॅडमध्ये भरून ठेवलीय. तुमचीच आहे ना? तुम्ही फक्त हात फिरवत राहा. पब्लिकला झाट काही कळत नाही."

आणि खरंच कळलं नाही. पहिल्या वेळी बेंजोची स्पीकरला जाणारी वायर मोकळी सोडून कमलेश बसला तेव्हा त्याला दरदरून घाम फुटला होता. आता कोणीतरी बोट दाखवेल, आता कोणीतरी शिवी हासडेल. छे! उलट जास्त नाचले. जास्त सेल्फी काढले. "मास्तर, आज तर आग लावलीत!" म्हणून एकाने मिठी मारली. दुसऱ्या हळदीतही तेच, चौथ्या-पाचव्या हळदीतही तेच. कमलेशला सुरुवातीला हायसं वाटलं. मग वाईट वाटलं. मग वाटायचंच बंद झालं. खाल्लेलं अंगी लागू नये तसं झालं त्याचं, कौतुक ताटात पडायचं पण पोटात काही जायचं नाही.

"सांगून टाका ना एकदा," श्रद्धा म्हणाली.

"काय सांगू? मी वाजवत नाही हे सांगू, की मी वाजवलं नाही तरी कोणाचं काही अडत नाही हे सांगू?"

तिने चहा गाळला.

एक गोष्ट मात्र त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. दर हळदीत तो गर्दीकडे बघत बसायचा, कोणीतरी आपल्याला पकडेल म्हणून. एका तरी माणसाने जवळ येऊन म्हणावं, "मास्तर, हा तुमचा हात नाही." बस. मग बेंजो गुंडाळून माळ्यावर टाकला असता तरी चाललं असतं. एवढी वर्षं आपण वाजवत होतो आणि कोणीतरी ऐकत होतं, एवढं तरी ठरलं असतं. असा एक माणूस त्याच्या मते जगात होता. आणि नेमका त्याच घरून फोन आला.

"मास्तर, हरिचंद्र बोलतोय. धाकट्याची हळद आहे, यज्ञेशची. आई म्हणते, दुसरा कोणी नको, कमलेश मास्तरच पायजे."

कमलेशने हो म्हटलं. फोन ठेवल्यावर त्याच्या मनात आलं, म्हातारीला कळणार. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. आशा म्हणावी तर तीही धड नव्हती.

त्याने सुयोगला गाठलं. "बाकी सगळं पॅडवर जाऊ दे. अडकव तेवढा मी स्वतः धरतो. एक चावी तर दाबायचीय."

सुयोगने कपाळाला हात लावला. "मास्तर, चाल सलग आहे. मधेच तोडायची, तुम्ही धरणार, मग परत मी पकडायची. एक सेकंद मागेपुढे झालं ना, पूरा कचरा. त्यात यज्ञेशचे दोस्त लाइव्ह टाकणार आहेत. जिंदगीभर फिरेल ते." मग मास्तरचं तोंड बघून म्हणाला, "असं करतो, अडकव डबल करतो. लांब. बस?"

कमलेशला वाटलं, डबल म्हणजे पुष्कळ. बस म्हणाला.

हल्ली दहा वाजता आवाज बंद करावा लागतो, म्हणून हळदी चार वाजताच चालू होतात. उन्हं होती तेव्हाच पार्टी पोचली. हरिचंद्राने जमीन विकून बंगला बांधलेला, मागे त्याच जमिनीवर टॉवर उभा. मांडवाला झुंबरं, कोपऱ्यात मोठाले कूलर. कमलेशला बघताच पोरांचा घोळका धावला. कोणी हार घातला, कोणी गळ्यात हात टाकला. त्यातून वाट काढत तो भिंतीकडे गेला. इंदुबाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली, मांडीवर काठी आडवी.

"आलास मास्तर? मी हाय, हितंच हाय." तिने त्याचा हात हातात घेतला. डावाच. त्याला दिसलं की ती दाबतेय. "माजे पाय गेले रे. गुडघा वलत नाय. आज जरा जास्त थांब माज्यासाठी. थांबशील ना?"

"थांबतो आजी."

"बाकीच्यांना मी बोलले, मास्तर येल तवा मी जाईन. त्याचा सूर असला का मना कोनी इचारत नाय, का चालली म्हनून."

कमलेश तडक सुयोगकडे गेला. "अजून लांब कर." सुयोग वायरी जोडत होता. "मास्तर, आता नाही होणार, लॅपटॉप घरी आहे. डबल केलाय ना? पोचेल म्हातारी." तेवढ्यात यज्ञेशचे मित्र आले आणि मास्तरला फोटोला ओढून घेऊन गेले. तो गेला. नको म्हणायला त्या वेळी तोंड होतं त्याला, पण त्याने ते वापरलं नाही.

हळद चढली. नाच चढला. कमलेश बेंजोवर बोटं फिरवत होता आणि बेंजोची वायर त्याच्या मांडीखाली निवांत पडली होती. आणि मग बोंब उठली. "मास्तर, अडकव!"

सुयोगने काठी मारली. सगळं गप झालं, तो एक सूर मांडवभर पसरला, माणसं थिजली. इंदुबाईने वाटीत उजवा हात बुडवला, डाव्या हाताने काठी टेकली आणि उठली. एक पाऊल. काठी. मग दुसरं पाऊल. कमलेशची नजर तिच्यावर. पोरांनी फोन वर धरलेले, सगळे मास्तरकडे रोखलेले, म्हातारीकडे एकही नाही. ती मांडवाच्या मध्यावर आली. पुढे यज्ञेश पाटावर बसलेला. आणखी थोडं, थोडंसंच.

आणि सूर सुटला.

यंत्रच ते. त्याला भरलं तेवढंच कळतं. मांडव उसळला. डाव्या उजव्या बाजूने माणसं उड्या मारत एकमेकांवर आली आणि मधे म्हातारी. पडली नाही, देवाची कृपा. तिचा कोणी चुलत नातू धावला, "आजी, कशाला आलीस मधे? लागलं असतं ना!" म्हणत त्याने तिला अक्षरशः उचललं आणि कूलरशेजारच्या खुर्चीत नेऊन ठेवलं. झालं. नाच चालू. कमलेशची बोटं मुक्या चाव्यांवर धावत राहिली. थांबवावीत असं त्याच्या मनात आलं की नाही, ते त्यालाही नंतर आठवेना. आत काहीच हललं नाही.

चाल संपली तशी पोरांनी त्याला खांद्यावर घेतला. "मास्तर! मास्तर!" सगळा मांडव एका सुरात. एवढं कौतुक तर मंत्र्यासंत्र्याचंही होत नाही. त्या उंचीवरून त्याला इंदुबाई दिसली. हळदीचा हात साडीला लागू नये म्हणून तिने तो अंगापासून लांब धरला होता. पुसला नव्हता.

जेवणं लागली. पब्लिक मटणाकडे पळालं, घरचे वाढण्यात. यज्ञेश पाटावर बसल्या बसल्या दोस्तांबरोबर मोबाईलमध्ये डोकं घालून होता. थोड्या वेळाने त्याला आत नेणार होते. कमलेश उठून कूलरपाशी गेला आणि म्हातारीच्या पायाशी उकिडवा बसला. आता बोलेल, असं त्याला वाटलं. आता म्हणेल, हा तुजा हात नव्हता.

इंदुबाई म्हणाली, "माजीच चूक रे मास्तर. मीच हलू चालले. तू तरी कवरा थांबशील? लोकांना नाचायचा असतो."

कमलेशने गळ्यातला हार काढून बाजूला ठेवला.

"पन वाजवलास बाकी झकास हां! पयल्यासारकाच. हात तसाच गोड हाय तुजा."

घ्या! ज्या एका माणसाच्या भरवशावर तो बसला होता, ते माणूसही हेच बोललं. कमलेशला हसू आलं नाही की रडूही आलं नाही. तो म्हणाला, "आजी, मी वाजवत नव्हतो. मशीन वाजत होती. माझी बोटं गेलीत."

"चल! म्हातारीची मस्करी करतंस." ती हसली. मग त्याच्या तोंडाकडे बघून हसू कमी झालं. त्याने डावा हात तिच्यासमोर धरला. तिने कोरड्या हाताने त्याचं एक बोट चिमटीत धरलं आणि नखाने चांगलं दाबलं. त्याने हात मागे घेतला नाही. नखाचा वळ उठला, तरीही नाही.

तिने ते बोट सोडलं. "मंग मना आवाज आयकू येतो, तुजा हात नाय येत," ती म्हणाली. "कान बी गेले म्हनायचे माजे."

"यज्ञेश तिकडे बसलाय आजी. चला, लावा हळद. मी धरतो तुम्हाला."

तिने मान हलवली. "अशीच? सगल्यांच्या समोर? मना कोन बोलवतंय?" तळव्यावरची हळद वाळून तिला भेगा पडल्या होत्या. "ऱ्हाऊ दे. दिपेशला लावली ना, तीच याला पन पोचली."

कमलेश उठला. काही ठरवून उठला असं म्हणता यायचं नाही, पाय निघाले आणि तो गेला. बेंजोपाशी बसला, मांडीखालची वायर काढली आणि खोचली. स्पीकर खर्रकन खाकरला. सुयोगच्या तोंडात घास होता. तो तसाच धावला, "ओ मास्तर, काय करता? पब्लिक है!"

"पॅडला हात लावायचा नाही," कमलेश म्हणाला. आवाज न चढवता म्हणाला, पण सुयोग जागेवर थांबला.

त्याने डाव्या हाताचं मधलं बोट डोळ्यांनी बघून त्या चावीवर ठेवलं. दाबलं गेलं की नाही, ते उजव्या हाताने तार छेडली तेव्हा कानाला कळलं. सूर लागला. जरा खरखरीत, पॅडवरच्याइतका चकचकीत नाही. तो छेडत राहिला आणि कूलरकडे बघत राहिला.

इंदुबाईने डोकं वर केलं. शेजारी पाण्याचा पेला होता, त्यात बोटं बुडवून तिने तळव्यावरची हळद ओली केली. काठी घेतली. उठली.

सूर ऐकून पब्लिक पत्रावळ्या हातात घेऊन पळत आलं. "मास्तर परत अडकवतोय!" फोन वर झाले. पोरं एक पाय उचलून तयार. म्हातारीचं एक पाऊल, एक काठी. पोरांचे पाय दुखायला लागले. कोणी पाय खाली टेकवला. "सोड ना मास्तर!" एक जण ओरडला. "अबे, हँग झाला काय?" दुसरा म्हणाला, आणि हशा पिकला. फोन एकेक करून खाली आले. हरिचंद्र गर्दीतून पुढे आला, त्याने कमलेशकडे बघितलं, मग लोक बघत नव्हते तिकडे, आईकडे बघितलं, आणि जिथे होता तिथेच उभा राहिला.

ती मधे एकदा थांबली, दम खायला. सूर थांबला नाही. ज्यांना नाचायचं होतं ते वैतागून परत जेवायला गेले. दंडावर बेंजो गोंदवलेला पोरगा जाता जाता म्हणाला, "मास्तर संपला यार." कमलेशने ते ऐकलं. ते खरं होतं, आणि कोणीतरी ते शेवटी बोललं होतं.

इंदुबाई पाटापाशी पोचली. यज्ञेशने मोबाईल खाली ठेवला. तिने त्याच्या एका गालाला हळद लावली, मग दुसऱ्या. काठी काखेत धरून दोन्ही हात त्याच्यावरून ओवाळले आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मांडवात फार कोणी उरलं नव्हतं. सूर चालूच होता.

तिने मागे वळून बघितलं. "पोचले रे मास्तर. सोड आता."

कमलेशने सोडायला बघितलं. बोट चावीवरच होतं. उचललं असं त्याला वाटत होतं आणि ते तिथेच दिसत होतं. या खेपेला चावी अडकली होती की बोट, ते त्याला काही केल्या कळेना. मग त्याने उजव्या हातातली पट्टी खाली ठेवली आणि त्याच हाताने आपलं बोट धरून वर उचललं.